परदेशी गेलेला सॅक्सोफोन

रविवारच्या पुरवणीतील जॅझवरील लेखात ‘परदेशी स्थायिक झालेला वादक मागे पडतो’ असे म्हटले आहे. ते पटले नाही. टेनर सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन १९६२ मध्ये अमेरिका सोडून युरोपात गेले आणि बरीच वर्षे कोपनहेगनला राहिले. तिथल्या मोंमार्त्र क्लबात त्यांना त्याच साथीदारांबरोबर रात्रीमागून रात्री वाजवायला मिळे. १९७६ मध्ये न्यूयॉर्कला परतले, तेव्हा श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले.

अडचण असते ती वेगळीच. बेळगावच्या पावसाळी हवेला सरावलेली बोरूची रीड (सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसवलेली, फुंकताच थरथरून स्वर काढणारी पातळ पट्टी) परदेशातल्या हीटरच्या कोरड्या खोलीत वाळते, टोक लाटेसारखे वाकते आणि वाद्य चिरकते. (आपल्या वरातीच्या बँडवाल्यांना उन्हाळ्यात हा अनुभव येतोच!) अशी रीड दोन-तीन मिनिटे पाण्यात भिजवून, सपाट काचेवर बोटाने दाबून सरळ करावी लागते.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव