शनिवारवाड्यातले उरलेले दहा जण

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : भुताच्या गोष्टीमागे येणारी गर्दी आणि ओस पडलेली संग्रहालयं

महोदय,

ऐतिहासिक वास्तूंवरच्या भुताखेतांच्या गोष्टींवर बंदी घाला, असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. माझं म्हणणं उलटं आहे. या गोष्टींमुळे माणसं आपल्या पायांनी वास्तूच्या दारापर्यंत येतात, आणि आपण त्यांना काहीही न सांगता परत पाठवतो, ही माझी तक्रार आहे.

शनिवारवाडा घ्या. (तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, आपल्याकडे नाही, हे ठाऊक आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.) दिल्ली दरवाजातून आत शिरणारी पोरं एकमेकांना सगळ्यात आधी काय सांगतात? ‘काका, मला वाचवा.’ रात्री ही हाक ऐकू येते म्हणे. अमावास्येला, असं काही जण सांगतात, तर काही पौर्णिमेला. भुताचं पंचांग अजून ठरलेलं दिसत नाही.

आता हकीकत बघा. ३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. पेशवे नारायणराव अठरा वर्षांचे. गारद्यांचं, म्हणजे पेशव्यांच्या पगारी शिपायांचं, काहीतरी शिजतंय हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि बंदोबस्त करायला त्यांनी हरिपंत फडक्यांना सांगितलंही होतं. हरिपंत आधी जेवायला गेले. दुपारी एकच्या सुमारास थकलेल्या पगारासाठी आरडाओरडा करत गारदी वाड्यात घुसले. म्हणजे खून झाला भरदुपारी, आणि हाक ऐकायला आपण जातो रात्री! नारायणराव चुलत्याकडे, रघुनाथरावांकडे धावले, त्यांना मिठी मारली. वाचवणारं कुणी नव्हतंच असं नाही. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला, तोही कापला गेला. त्या दुपारी वाड्यात मारल्या गेलेल्यांचा आकडा इतिहासात अकरा असा नोंदलेला आहे. त्यात दोन दासी होत्या.

मेले अकरा, भूत मात्र एकाचंच. त्या दासींची हाक कुणालाच ऐकू येत नाही. भुतांमध्येही मानमरातब चालत असावा.

पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि गादीवर बसलेल्या रघुनाथरावांनाच दोषी ठरवलं. सत्ताधाऱ्याला त्याच्याच दरबारातला न्यायाधीश तोंडावर अपराधी म्हणतो, यात अंगावर काटा आणण्याची ताकद भुतापेक्षा जास्त आहे. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकते आणि वाड्यात उभं राहून कुणी सांगत नाही.

वाड्यात सांगणं जास्तच गरजेचं आहे, कारण तिथे बघायला फारसं उरलेलं नाही. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतला वाडा जळून गेला. आज दिसतात ते तट, बुरूज, दरवाजे, हौद आणि जोती. नुसत्या जोत्याकडे माणूस किती वेळ बघणार? जागा मोकळी राहिली की ती भूत भरून काढतं. यात बघणाऱ्याला दोष देता येत नाही.

आणि बाजीराव रस्त्यानं चालत जाता येईल इतक्या अंतरावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तू १९७५ साली राज्य शासनाच्या हवाली केल्या. अडकित्ते, दिवे, वाद्यं, दरवाजे, घरातल्या बायकांच्या हाताखालून गेलेल्या असंख्य वस्तू. कोथरूडचा मस्तानी महाल तिथे पुन्हा उभा केलेला आहे. वाड्यात जे जळून गेलं, त्या काळातलं घर आतून कसं दिसायचं याचा अंदाज त्या दालनांत येतो. वाडा बघून बाहेर पडणाऱ्याला ‘आता तिकडे जा’ असं कुणीतरी म्हणायला हवं, एवढंच.

मोठ्या शहरातली संग्रहालयं तरी कशीबशी तग धरून असतात. खरी हालत आहे ती गावातल्या, तालुक्यातल्या संग्रहालयांची. अशाच एका संग्रहालयाबद्दल सांगते, नाव घेत नाही. आपण दालनात शिरलो की शिपाई ट्यूबलाइट लावतो, बाहेर पडलो की मागून मालवतो. काचेच्या कपाटात चार तलवारी आणि खाली टाइप केलेली, पिवळी पडलेली चिठ्ठी : ‘तलवार. लोखंडी. १८ वे शतक.’ चारही तलवारींना तीच चिठ्ठी. कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, आणि त्याच्यापुढे पाटी : ‘दगडी शिल्प’.

वीरगळाला दगडी शिल्प! महोदय, त्या दगडावर अख्खी गोष्ट कोरलेली आहे. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला आणि त्याच्यामागे पळवून नेली जाणारी गुरं. त्याच्यावरच्या चौकटीत लढाई. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला धरून वर नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर याचं नाव राहो. मेल्यावर माणसाचं काय होतं, याचं त्या काळानं दिलेलं हे उत्तर आहे. भुताच्या गोष्टीला भुलून आलेल्या पोराला दाखवायला याहून चांगलं काय असेल? त्या शिपायाला मात्र सगळं माहीत होतं. हा दगड तळ्याकाठी पालथा पडलेला होता, बाया त्याच्या पाठीवर कपडे धूत, गाळ काढताना कुणीतरी उलटा केला, हे त्यानं मला सांगितलं. हे कुठेही लिहिलेलं नाही. तो निवृत्त होईल तेव्हा ही माहितीही त्याच्याबरोबर निवृत्त होईल.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाचं उदाहरण याच्या नेमकं उलट आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या परिसरात सापडणाऱ्या वस्तू जपून ठेवल्या, म्हणून आज तिथे शासनाचं संग्रहालय उभं आहे. तिथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं नातं इटलीत, पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेल्या मूर्तीशी सांगितलं जातं. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातला रोमन समुद्रदेव आहे, ब्राँझचा. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला तर लोकांनीच ‘अजब बंगला’ म्हणून टाकलंय. कुतूहल लोकांकडे आधीपासूनच आहे. साताऱ्यात २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं आली, ती नेमकी कोणाची यावर इतिहासकार भांडत असतानाही लोक ती बघायला गेलेच. वादामुळे गर्दी कमी होत नाही, उलट वाढते. तसंच भुताचंही आहे.

एडिनबरोनं हे ओळखलं. त्या शहरात मेरी किंग्ज क्लोज नावाची जमिनीखाली गाडली गेलेली जुनी गल्ली आहे. एका लहान मुलीच्या भुतासाठी लोक तिथे येतात, तिच्यासाठी बाहुल्या ठेवून जातात. कुणी त्या बाहुल्या उचलून फेकत नाही. पण बरोबरचा वाटाड्या त्यांना १६४५ च्या प्लेगबद्दल सांगतो, त्या गल्लीत खरोखर राहिलेल्या माणसांबद्दल सांगतो, जॉर्ज रे नावाच्या प्लेगच्या डॉक्टरबद्दल सांगतो. हा डॉक्टर साथीतून जगला आणि ठरलेला पगार वसूल करायला पुढे कित्येक वर्षं नगरपालिकेशी भांडत बसला. (आपल्याकडच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना ही गोष्ट फार आवडेल.)

उलट राजस्थानातला भानगढचा किल्ला बघा. सूर्यास्तानंतर प्रवेश नाही, असा पुरातत्त्व खात्याचा फलक तिथे आहे आणि देशभर तो भुताचा सरकारी दाखला म्हणून फिरतो. मुळात संरक्षित स्मारकांना सर्रास लागू असलेला हा नियम. पण कारण लिहायचंच नाही ही आपली सरकारी सवय, मग लोकांनी आपापलं कारण घातलं.

भीतीचं म्हणाल तर तीही समजावून सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आणि एडिनबरोच्या तळघरांत रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञानं शेकडो लोकांना फिरवलं. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. लोकांना काहीतरी जाणवत होतं हे खरं, आणि ते ठरावीक जागीच जाणवत होतं. पण त्याचा संबंध उजेड, खोलीचा आकार अशा गोष्टींशी लागत होता. जुन्या वाड्यात रात्री लाकूड गार होताना कुरकुरतं, तटाच्या जंग्यांमधून, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या भोकांमधून, वारा शिरतो, वटवाघळं उठतात. हे सगळं तिथेच उभं राहून सांगितलं तर ऐकायला मजा येते आणि कुणाचा अपमानही होत नाही.

आता मागणी. राज्याच्या ताब्यातल्या ज्या स्मारकांबद्दल अशा गोष्टी सांगितल्या जातात, तिथे एक फलक लावा. त्यावर डाव्या हाताला लोक काय सांगतात ते, उजव्या हाताला कागदपत्रं काय सांगतात ते, आणि खाली त्या काळातल्या वस्तू जवळच्या कोणत्या संग्रहालयात बघायला मिळतील ते. थंडीच्या दिवसांत महिन्यातून एखाद्या संध्याकाळी, मोजक्या माणसांना, जाणकार वाटाड्याबरोबर ही ठिकाणं दाखवा. आज चोरून भिंतीवरून उड्या मारणारी पोरं तिकीट काढून रांगेत येतील. संग्रहालयांतल्या चिठ्ठ्या नव्यानं लिहा आणि त्याआधी तिथल्या शिपायांना विचारा. शनिवारवाड्यासाठी केंद्राकडे रीतसर प्रस्ताव पाठवा. अकरा जण, मिळतील तितकी नावं आणि दुपारची वेळ, एवढं एका फलकावर मावतं. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत. तिथे येणारा माणूसही ‘इथे रात्री काय दिसतं?’ हे विचारणारच आहे. त्याला काय उत्तर द्यायचं ते आताच ठरवलेलं बरं.

यासाठी नवं महामंडळ नको, समिती तर मुळीच नको. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्याचं राजवाडे मंडळ आहे, बहुतेक जिल्ह्यांत मोडी वाचणारी चार माणसं आहेत. त्यांना रास्त मानधन द्या आणि मजकूर त्यांच्याकडून लिहून घ्या. फलक घडवायला ठेकेदार चालेल. मजकुराची निविदा मात्र काढू नका.

आपली,
संग्रहालयांत रमणारी एक नागरिक