विरोधी पक्षनेत्याची खुर्ची कोणाच्या मर्जीवर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर 2025 मध्ये नागपूरचं हिवाळी अधिवेशन पार पडलं, तेव्हा विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता. विधानसभेत तर नोव्हेंबर 2024 च्या निकालापासून हे पद रिकामं होतं. परिषदेत अंबादास दानवे यांची मुदत ऑगस्ट 2025 मध्ये संपली आणि तिथलीही खुर्ची मोकळी झाली. विधानसभेसाठी ठाकरे गटाने आपल्या भास्कर जाधव यांच्या नावाचं पत्र अध्यक्षांना मार्च 2025 मध्येच दिलेलं होतं. त्याचं उत्तर होकार नाही, नकारही नाही. निर्णय 'विचाराधीन'.

सत्तापक्षाचे आमदार टीव्हीवर सांगतात, संख्याबळच नाही तर पद कुठून देणार? 288 चे दहा टक्के म्हणजे 29. ठाकरे गटाचे 20, काँग्रेसचे 16, शरद पवार गटाचे 10. तिघांची बेरीज भरते, एकट्याची कोणाचीच भरत नाही. हिशेब बरोबर आहे. पण हा दहा टक्क्यांचा नियम लिहिलाय कुठे? विरोधी पक्षनेत्यांचं वेतन आणि भत्ते ठरवणारा महाराष्ट्राचा कायदा 1978 चा आहे. विरोधातला सर्वांत मोठ्या संख्येचा पक्ष, त्याचा नेता आणि अध्यक्षांची किंवा सभापतींची मान्यता, एवढंच त्यात आहे. टक्केवारीचा उल्लेखसुद्धा नाही. दहा टक्क्यांचं माप लोकसभेतलं, पहिले अध्यक्ष मावळणकर यांच्या काळापासूनचं. त्याच मापावर 2014 मध्ये काँग्रेसला 44 खासदारांनिशी लोकसभेत हे पद नाकारलं गेलं. ते माप मुंबईत कोणी आणि कधी लागू केलं, हे कोणीतरी सांगावं.

कारण आपल्या विधानसभेचा इतिहास वेगळाच आहे. 1962 च्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) 264 पैकी 15 आमदार आले, तरी कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. 1972 मध्ये तर काँग्रेसचे 270 पैकी 222 आमदार होते आणि शेकापचे अवघे सात. त्या सातांचे नेते आमच्या पनवेलचे दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते होते. ज्यांचं नाव नवी मुंबई विमानतळाला द्यावं असा ठराव याच विधिमंडळाने केला, तेच दिबा. आजच्या मापाने त्यांना त्या खुर्चीजवळ फिरकूही दिलं नसतं. कोणी म्हणेल, हे सगळं 1978 च्या कायद्याआधीचं. ठीक. मग ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अलिबागचे दत्ता पाटील विरोधी पक्षनेते झाले, तेव्हा सभागृह 288 चंच होतं आणि 1985 च्या निवडणुकीत शेकापचे आमदार आले होते 13. दिल्लीत 2015 मध्ये 70 पैकी 67 जागा आम आदमी पक्षाला आणि तीन भाजपला मिळाल्या, तरी तिथल्या अध्यक्षांनी भाजपच्या विजेंदर गुप्तांना मान्यता दिली. तेव्हा भाजपने 'आम्हाला संख्याबळ नाही' म्हणून ते पद परत केल्याचं ऐकिवात नाही.

हे पद म्हणजे निव्वळ लाल दिव्याची हौस नव्हे. (दिवा तसाही गेला.) सभागृहात विरोधी पक्षनेता उभा राहिला की अध्यक्ष त्याला बोलू देतात, हा संकेत आहे. तो नसला की गटनेत्यांना वेळेसाठी हात वर करून बसावं लागतं. सभागृहाबाहेर त्याहून जास्त अडतं. राज्य मानवी हक्क आयोगाच्या नेमणुका ज्या समितीच्या शिफारशीवर होतात, तिच्यात दोन्ही सभागृहांचे विरोधी पक्षनेते असतात. आणि समितीत जागा रिकामी आहे एवढ्या कारणावरून नेमणूक रद्द होत नाही, असंही तोच कायदा सांगतो. म्हणजे खुर्ची रिकामी ठेवा, काम बिनबोभाट चालू. माहिती अधिकाराचा कायदा करणारे जास्त हुशार निघाले. विरोधी पक्षनेत्याला मान्यता दिलेली नसेल, तर माहिती आयुक्तांच्या निवड समितीत विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेताच विरोधी पक्षनेता समजावा, असं त्यांनी स्पष्टीकरण जोडून ठेवलं.

हा आजार एका पक्षाचा नाही, हेही लिहायला हवं. नाना पटोले यांनी 4 फेब्रुवारी 2021 रोजी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. तेव्हा सरकार महाविकास आघाडीचं होतं. गुप्त मतदानात आपलीच मतं फुटतील या धास्तीने निवडणूक लांबत गेली, मग पद्धत बदलली, तर राज्यपाल तारीख देईनात. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढायला अध्यक्षच नव्हते. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी त्या काढल्या, त्यांच्या अधिकारालाच आव्हान दिलं गेलं आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकार बदललं 30 जूनला. जवळपास दीड वर्ष न सापडलेली तारीख तीन दिवसांत सापडली आणि 3 जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले. आघाडीने वेळेत अध्यक्ष निवडला असता तर पुढचं रामायण वेगळं झालं असतं का, यावर पैज लावायला मी तयार नाही. पण रिकाम्या खुर्चीची किंमत सर्वांत जास्त त्यांनीच मोजली, आणि आज तेच दुसऱ्या रिकाम्या खुर्चीसाठी पायऱ्यांवर घोषणा देत आहेत.

परिषदेचं सभापतीपद जुलै 2022 पासून डिसेंबर 2024 पर्यंत रिकामं होतं, कारभार उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी ओढला. राज्यपालनियुक्त 12 जागांची 2020 ची यादी राजभवनात पडून राहिली आणि 2022 मध्ये परत घेतली गेली. वि. स. पागे यांनी 18 वर्षं ज्या सभागृहाचं सभापतीपद सांभाळलं, तिथली ही गोष्ट.

राज्यघटना अध्यक्ष 'शक्य तितक्या लवकर' निवडायला सांगते, दिवस सांगत नाही. सगळी पळवाट तिथेच आहे. म्हणून मागणी साधी आहे. विरोधी पक्षनेत्याच्या मान्यतेचं पत्र आलं की अध्यक्षांनी किंवा सभापतींनी 15 दिवसांत लेखी आणि सकारण निर्णय द्यावा. नाही म्हणायचं तर तसं लिहून म्हणावं, म्हणजे निदान न्यायालयात जाता येईल. आणि अध्यक्षांची किंवा सभापतींची जागा रिकामी झाली, तर पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी निवडणूक घेणं बंधनकारक करावं. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, सभागृहाला स्वतःचे नियम बदलता येतात. नियम समिती मनात आणलं तर किती वेगाने काम करते, हे डिसेंबर 2021 मध्ये अध्यक्षनिवडीची पद्धत एका अधिवेशनात बदलली गेली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं आहे.

आपला,
एक वाचक, पनवेल