गुरुजी, पुस्तक अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय गुरुजी,
सादर नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याला पुण्याहून घरी आले, तेव्हा स्पर्धा परीक्षेच्या पूर्वपरीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाले होते. बाबांनी कापसाच्या पैशातून आणखी एका वर्षाची सोय करून ठेवलेली. घरात कोणी काही बोलत नव्हतं, म्हणून वाचनालयात येऊन बसले. तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पानांची पुस्तकांना कव्हरं घालत होता. सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, “पोरी, साहेब तुले व्हाचं हाय का लोकायले दाखवाचं हाय?” मला रागच आला होता, आज सांगते.

निघताना ‘गीता प्रवचने’ हातात दिलंत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा १८ रविवार बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं, ते पुस्तक. चौथ्या अध्यायात तुमची पेन्सिलीची रेघ होती. पिंडीवर पाण्याची धार धरली, पण मनाची धार सोबत नसेल तर त्या अभिषेकाला काय किंमत, असं विनोबा तिथं विचारतात. कर्माला मनाची अशी जोड मिळाली की त्याचं ओझं उरत नाही.

माझं मन असं कशात लागलं होतं? खूप आठवून एकच गोष्ट सापडली. आजीच्या पायाला साखरेची जखम झाली होती, तेव्हा दीड महिना रोज मीच पट्टी बदलायचे. वास यायचा. तरी सकाळी उठल्या उठल्या जखम किती भरली ते बघायची घाई असायची.

मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर “एवढी शिकून शेवटी हेच?” असं नातेवाइकांनी विचारलंच. तेव्हा तुमचाच प्रश्न कामी आला.

विनोबांचं सगळं मला पटलं नाही. स्वधर्म, म्हणजे आपल्या वाट्याचं कर्तव्य, शोधावा लागत नाही, तो जन्मापासून सोबत असतो, असं ते म्हणतात. मुलीच्या वाट्याला जन्मानं चूलच येते, मग मी काय करायचं? हे बोलले तेव्हा तुम्ही म्हणालात, “मंग भांड त्यायच्याशी. पण पुरं वाचून भांड.” गुरुजी, सल्ले देणारे पुष्कळ होते. भांडायची मुभा तुम्ही एकट्यानं दिलीत, त्याचे हे आभार.

पुस्तक सध्या होस्टेलवर माझी मैत्रीण वाचते आहे. पोळ्याला तिला घेऊन येते. रजिस्टरात माझ्या नावाखाली तिची सही घ्या.

तुमची विद्यार्थिनी