शेऱ्याचा रकाना

प्रिय मनू,

रविवारी तू फोन कट केलास त्याचा राग नाही. पाच मिनिटांत तीनदा खोकल्याचं विचारलं तर कुणीही वैतागेल. तुझी आई म्हणाली, तुम्ही पोरीशी बोलत नाही, चौकशी समिती बसवता. म्हणून मेसेज न करता नीट पत्रच लिहितोय आणि ठरवलंय की ह्यात तो विषय काढायचा नाही. (दिवाळीच्या आधीपासून ऐकतोय पण मी. चौथा आठवडा असेल.) असो.

तुझ्या कपाटातलं ते अमेरिकन साहित्याच्या इतिहासाचं जाडं पुस्तक मी खाली काढलंय, एमएचं, ज्याच्यावर चहाचा डाग आहे. एअरपोर्टवर मी जे बोललो ना, की गोष्टी-कविता वाचायला एवढ्या लांब अमेरिकेला कशाला, वाचनालय सांगलीतही आहे, ते मी गंमत म्हणून बोललो असं सगळ्यांना सांगतो पण गंमत नव्हती, मला तेव्हा खरंच कळत नव्हतं आणि तू हसली नाहीस ते अजून डोळ्यासमोर आहे. म्हणून वाचायला घेतलं. इंग्रजी अडतं, मोबाईलवर शब्द बघतो, दिवसाला चार-पाच पानं होतात.

आता माझी वाचायची पद्धत म्हणजे जकात नाक्याची. गाडी नंबर, माल, वजन, किंमत, शेरा. एक कोरं रजिस्टर पडलं होतं त्यात रकाने आखले: नाव, जन्म, मृत्यू, पोटासाठी काय करायचा, आणि शेरा. आई म्हणते रिटायर झाले तरी जकात सुटेना. पण मनू, पहिल्या आठवड्यातच काय सापडलं सांगू? तुमचा हॉथॉर्न जकातीतला माणूस! १८४६ ला सेलमच्या कस्टम हाउसवर लागला, १८४९ ला सरकार बदललं आणि नोकरी गेली, आणि १८५० ला त्याची ती लाल अक्षराची कादंबरी आली, 'द स्कार्लेट लेटर'. सुरुवातीला ऑफिसचंच वर्णन लिहिलंय, म्हातारे ऑफिसर खुर्च्या भिंतीला टेकवून डुलक्या काढतायत. मी एकटाच हसत बसलो, अरे हा आमचा रात्रपाळीचा स्टाफ. आणि मेलव्हिल तर १८६६ पासून १९ वर्षं न्यूयॉर्कच्या धक्क्यावर माल तपासत होता, दिवसाला चार डॉलर. देवमाशाची कादंबरी, 'मोबी डिक', १८५१ ला लिहून झालेली, पण त्याच्या हयातीत तिच्या साधारण तीन हजार प्रती खपल्या, लोकांना त्याची आठवण झाली १९२० नंतर, म्हणजे तो जाऊन तीस वर्षं उलटल्यावर. आमच्या पाळीत कोण काय लिहीत होतं देव जाणे, मी तरी पावत्याच लिहिल्या.

तू डबा घेऊन यायचीस नाक्यावर, आठवतं? आत स्टुलावर बसून वाचायचीस, ट्रकचे हॉर्न चाललेत आणि ही आपली वाचतेय. उसाच्या ट्रॅक्टरवाला एकदा म्हणाला होता साहेब ही पोरगी तुमच्या हाताला लागायची नाही. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता तेच मी चार जणांना सांगत फिरतो.

बरं, तू जूनमध्ये समजावत होतीस आणि मी टीव्ही बघत होतो तो मुद्दा आता लक्षात आला. मॅथिसन ह्या समीक्षकाचं १९४१ चं पुस्तक, की १८५० ते १८५५ ह्या पाच वर्षांत हॉथॉर्न, मेलव्हिल, थोरो, व्हिटमन सगळे एकदम पिकले, आणि एमर्सन त्यांच्या मागे. पाच माणसं, पाचही गोरे पुरुष. आणि त्याच १८५५ ला फ्रेडरिक डग्लसचं दुसरं आत्मचरित्र आलेलं, गुलामीतून पळालेला माणूस, तो ह्या पाचांत नाही. म्हणजे इतिहास म्हणजे काय झालं ते नाही, कुणाची पावती फाडली ते. हे तुझंच वाक्य असेल, मी उचललं असेन.

आणि फिलिस व्हीटली. गुलाम म्हणून बोस्टनला आणलेली पोर, जहाजाचं नाव तेच तिचं नाव. कविता लिहिल्या तर अठरा बड्या माणसांनी सही करून दाखला दिला की होय, हिनेच लिहिल्यात! आणि तरी बोस्टनमध्ये छापेनात, पुस्तक निघालं लंडनहून, १७७३ ला. आमच्याकडे गुळाच्या गाडीला एवढ्या सह्या लागत नव्हत्या. मग रजिस्टर बघताना दिसलं, जोतीरावांनी गुलामगिरी काढली १८७३ ला, अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलेली. बरोब्बर शंभर वर्षं. तुझ्या गाइडना हे माहीत आहे का? नसेल तर सांग, बाबांनी शोधलं म्हणून नको सांगू.

आता खरं बोलतो. शेऱ्याच्या रकान्यात मी मृत्यूचं कारण लिहायला लागलो आणि तिथं घोळ झाला. एमर्सनची पहिली बायको, १९ वर्षांची, क्षय. त्याचे दोन भाऊ, क्षय. गूढकथावाल्या पो ची बायको २४ ची, क्षय. कादंबरीकार स्टीफन क्रेन २८, क्षय. आणि थोरो, तो वॉल्डनच्या तळ्यावर राहिलेला, तो १८६० च्या डिसेंबरात झाडांच्या बुंध्यावरची वर्तुळं मोजायला गेला, भिजला, सर्दी झाली, छातीत उतरली, हवापालट म्हणून मिनेसोटापर्यंत जाऊन आला, काही उपयोग नाही. १८६२ च्या मे मध्ये संपला, क्षयानंच. ४४ वर्षं. सुरुवात नुसती सर्दी गं. आणि तू त्याच्याच गावाजवळ राहतेस आणि मैत्रिणींबरोबर नोव्हेंबरात ते तळं बघायला गेलीस, टोपी न घालता, फोटो आहे माझ्याकडे.

हो, माहितीय. तो काळ वेगळा. आता औषध आहे, तेही तिकडंच न्यू जर्सीत सापडलं १९४३ ला. पण आक्काच्या वेळीही होतं औषध. तीही म्हणायची नुसता खोकलाय. मी आणि दादाकाका सायकलवरून वानलेसवाडीला डबा न्यायचो, अमेरिकन मिशनच्या डॉक्टरांनी काढलेलं सॅनिटोरियम, आम्हाला आत सोडायचे नाहीत, ती व्हरांड्यातल्या कॉटवरून हात करायची. बरी होऊन आली, गोळ्या मधेच सोडल्या, म्हणाली आता काय धाड भरलीय. तिची निळी पेटी अजून माळ्यावर आहे, आई आवरायला काढते आणि परत ठेवते.

तर एवढं कर. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायची आणि छातीचा एक्स-रे, हा इथला साधा नियम आहे, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेला असतो. संध्याकाळी ताप बघ. वजन बघ, व्हिडिओत गाल बसलेत, कॅमेऱ्याचा दोष आहे म्हणू नकोस. विमा घेतलाय ना, मग वापरायचा कधी, तो काय फ्रेम करून लावायला घेतलाय? रात्री दोनपर्यंत लायब्ररीत बसायचं आणि दुपारी नुसतं ब्रेड खायचं, तुझी पिढी म्हणजे...

झालं बघ सुरू. माफ कर. हे सगळं खोडणार होतो पण खोडलं तर अर्धं पान रिकामं राहतं.

दुसरं सांगतो. त्या थोरोने लिहिलंय की त्याच्या तळ्यावर हिवाळ्यात बर्फ कापायला माणसं आली, आणि आता म्हणे मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक माझ्या विहिरीचं पाणी पितायत. खरंच यायचा बोस्टनचा बर्फ मुंबईला जहाजातून, भुशात गुंडाळून. जमशेटजी जीजीभॉयनी त्या बर्फाचं आइस्क्रीम पाहुण्यांना दिलं तर सगळ्यांना सर्दी झाली आणि ते पेपरात आलं असं सांगतात. म्हणजे तिकडची सर्दी इकडं यायला तेव्हापासूनच सुरुवात आहे. हे तुला हसवायला लिहिलंय.

काल कवी पॉल डनबरपाशी आलो. आईवडील गुलामीतून सुटलेले, हा डेटनमध्ये लिफ्ट चालवायचा, आठवड्याला चार डॉलर, आणि लिफ्टमध्ये येणाऱ्यांनाच स्वतःचं कवितांचं पुस्तक विकायचा. आई लोकांचे कपडे धुवायची. पोरांच्या शिक्षणाला मदत व्हावी म्हणून ती मोठेपणी वाचायला शिकली. हे वाचून मला फार बरं वाटलं, म्हणलं चला, आपल्यासारखं कुणीतरी आहे. मग पुढचं पान. तो १९०६ ला गेला, ३३ चा, क्षय. आई त्याने घेतलेल्या घरात राहिली, १९३४ पर्यंत. २८ वर्षं. मी रजिस्टर मिटवून गच्चीत जाऊन आलो. त्याच्या पुढचा शेरा अजून भरलेला नाही.

पुस्तक अजून निम्मं राहिलंय. गल्लीतल्या देशपांड्यांची सून शनिवारी बोस्टनला निघालीय, तिच्याबरोबर मेतकूट, सुंठ, ज्येष्ठमध आणि लोकरीची टोपी पाठवतोय. टोपी मी निवडलीय, रंगाबद्दल आईला बोलू नकोस. डिजिटल थर्मामीटर पण आहे, मेतकुटाच्या पुडीत ठेवलाय.

रविवारी फोन कर. मी विचारणार नाही, आई विचारेल, मी शेजारी बसलेलो असेन.

बाबा