खोडकर नायकाला सरळ करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी नाटुकल्यांची शोधाशोध सुरू झाली की एक विसंगती दरवर्षी जाणवते. मुलांना घरी आवडतात कार्टूनमधले शिनचॅन, नोबिता आणि जेरी. रंगमंचावर मात्र आपण त्यांना देतो मोठ्यांच्या पाया पडणारा, पहिला नंबर काढणारा गुणी बाळ. पालक टाळ्या वाजवतात, पण समोर बसलेली मुले आपापसांत बोलत राहतात. खोट मुलांच्या आवडीत नाही, आपल्या लिखाणात आहे.

शिनचॅनबद्दलची पालकांची तक्रार खोटी नाही. मुळात ही चित्रकथा 1990 मध्ये जपानमधल्या मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाली. मालिका 1992 ची. आपल्याकडे 2008 मध्ये सरकारने तिचे प्रक्षेपण थांबवले आणि पुढे काटछाट होऊन ती परतली. त्यातली उलट उत्तरे आणि बायकांवरची शेरेबाजी मुलांच्या तोंडी लगेच बसते, ती नकोच. पण तेवढे वगळूनही मुले हसतात, कारण मोठ्यांनी झाकून ठेवलेले तो पाच वर्षांचा पोरगा चारचौघांत बोलून टाकतो.

नोबिताची रचना तर शिकण्यासारखी आहे. पेपरात शून्य, रडारड, डोरेमॉन या यंत्रमांजराच्या खिशातून एक यंत्र; यंत्राने काम होते, मग हाव सुटते आणि त्याच यंत्रामुळे तो तोंडघशी पडतो. तो फसणार हे प्रेक्षक मुलाला त्याच्याआधी कळते, आणि खरी गंमत तिथे आहे. आपल्या गौळणीत तरी दुसरे काय असते? तोंडाला लोणी लागलेले, आणि यशोदेपुढे साळसूदपणे ‘मी नाही खाल्लं!’

दहा मिनिटांच्या नाटुकल्यात हे सहज जमते. पात्रे चार-पाचच ठेवा. नायकाला एकच खोड द्या: खादाडपणा किंवा थापा, दोन्ही नकोत. त्याला काय हवे आहे ते पहिल्याच मिनिटात वस्तूच्या रूपाने दिसू द्या. समजा, पाहुण्यांसाठी आणलेली शेंगाचटणी. बंड्या अर्धी बरणी फस्त करतो आणि डाळ्याचे कूट व लाल तिखट कालवून ती पुन्हा भरून ठेवतो. बरणी मोठी आणि काचेची घ्या, म्हणजे उतरलेली चटणी शेवटच्या रांगेपर्यंत दिसते. सातव्या मिनिटाला पाहुणे पंगतीत म्हणतात, ‘आधी बंड्याला वाढा.’ इथे बहुतेक लेखक घसरतात: आई पुढे येऊन पाच वाक्यांचे भाषण करते आणि सभागृह थंड पडते. त्याऐवजी तिने काही न बोलता त्याच्या कडक भाकरीवर आणखी एक चमचा वाढावा. पडदा.

पथ्ये मोजकीच आहेत, पण ती पाळावीच लागतात. खोडी स्वतःपेक्षा मोठ्याची किंवा बढाईखोराची काढावी. तोतऱ्या, जाड्या, गरीब मुलाची काढली की खोडीचा छळ होतो. जेरीच्या मागे लागणाऱ्या टॉम बोक्याच्या डोक्यावर ऐरण पडली तर घरी कोणी तसे करत नाही. गच्चीचा कठडा, गॅस, विजेचे बटण आणि दोरी यांची मात्र लहान मुले हुबेहूब नक्कल करतात. म्हणून या चार गोष्टी नाटुकल्यात आणूच नयेत. आणि झालेले नुकसान शेवटी भरून येण्याजोगे असावे.

भूमिका देतानाही एक चूक हमखास होते. वर्गातल्या द्वाड मुलालाच बंड्या केले जाते, कारण त्याला ‘शिकवावे लागत नाही’. मग तेच नाव त्याला वर्षभर चिकटते. हे काम अबोल मुलाला किंवा मुलीला द्यावे. आठवडाभर आवाज बसका लागतो, चाल अवघडते. पण खोटे बोलताना डोळे चोरणे तिला अचूक जमते, आणि तालमीत बाकीची मुले तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि टीव्हीवर हिंदी ऐकणारी मुले भरपूर आहेत. त्यांच्यासाठी वाक्ये आठ-दहा शब्दांपुढे जाऊ देऊ नयेत. करणे जास्त, बोलणे कमी.

आपल्या बालपुरवणीत दिवाळीपूर्वी अशी दोन-तीन नाटुकली छापावीत ही विनंती. डिसेंबरमध्ये हाती येणारी संहिता तालमीला पुरत नाही.

आपले,
बालनाट्याच्या तालमी घेणारे काही शिक्षक,
सोलापूर