नारळ पायथ्यालाच फोडावा

महोदय,

श्रावण जवळ आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत भीमाशंकर, हरिश्चंद्रगड, ब्रह्मगिरी, कळसूबाई यांची पाने सजतात. स्थानमाहात्म्य असते, धुक्यातल्या कळसाचे छायाचित्र असते, एसटी कुठून सुटते तेही असते. मात्र हे देव रानात आणि कड्यांवर बसलेले आहेत आणि त्यांच्याकडे जायची रीत गावातल्या देवळाहून वेगळी आहे, याबद्दल एक ओळही नसते. ती रीत नवी शोधायची गरज नाही. ती आपल्याच परंपरेत आहे, फक्त ताटातला नारळ, कापूर आणि प्लॅस्टिकची पिशवी यांच्याखाली दबून गेली आहे.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. त्याच परिसरातल्या आहुप्यासारख्या गावांच्या देवराया त्याच्या कितीतरी आधीच्या. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला. ही राने कायद्याने नव्हे, देवाच्या धाकाने टिकली होती. कित्येक देवरायांत वाळून पडलेली काटकीही उचलायची नाही, वहाणा बाहेर काढायच्या, आवाज चढवायचा नाही. म्हणजे देवाला वाहायचे ते फार थोडे आणि तिथून आणायचे काहीच नाही. डोंगरयात्रेला हाच दंडक लावला तर निम्मे प्रश्न सुटतात.

सुरुवात नारळापासून करू. नारळाचे पाणी गोडसर आणि किंचित चिकट. कातळाच्या किंवा दगडी पायऱ्यांवर ते सांडले, त्यावर शेवाळ आणि शेकडो पायांचा चिखल बसला की घसरगुंडी तयार होते. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक भाविकांचा चेंगरून आणि भाजून मृत्यू झाला. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या हे त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणून पुढे आले होते. तेव्हा नारळ पायथ्याच्या देवळात किंवा पहिल्या पायरीशी फोडावा आणि वर खोबऱ्याचा एक तुकडा न्यावा. नैवेद्य झाकणाच्या डब्यात असावा. कॅरीबॅगमध्ये नेला तर माकडे ती ओढतात, पिशवी दरीत जाते आणि ओढाताणीत माणूस तोल गमावतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि पहिल्या गुन्ह्यालाच पाच हजार रुपये दंड आहे, हेही जाता जाता.

कापूर आणि उदबत्तीचे दुखणे ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात ती विझते, एवढेच. पण पाऊस सरला की कड्यांच्या कपारीत आग्या मोहळे लागतात आणि धूर, उग्र अत्तर किंवा फटाक्याने ती उठतात. एक माशी चावली की डंखासोबत धोक्याचा गंध सुटतो. हा गंध पिकलेल्या केळ्यासारखा असतो. त्यावर बाकीच्या माशा धावून येतात. म्हणून हात झटकत उभे राहणे किंवा माशी चिरडणे हा सर्वांत वाईट उपाय. तोंड-डोके ओढणीने किंवा शर्टाने झाकावे, वाट सुरक्षित असेल तर आल्या दिशेने सलग लांब जावे, कड्याकडे धावू नये. पाण्यात बुडी मारून उपयोग नाही, माशा वरच घिरट्या घालत थांबतात. काटा अंगात राहिला की विष झिरपत राहते, त्यामुळे नखाने खरवडून लगेच काढावा. अनेक डंख झाले असतील, ओठ सुजले असतील किंवा श्वास लागत असेल तर घरगुती उपचारात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. डिसेंबरनंतर गवत वाळते आणि तेवती पणती मागे ठेवली की वणव्याला वाऱ्याची एक झुळूक पुरते. राखीव वनात असा जाळ मागे ठेवणे भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे. ज्योत लावलीच तर ती शांत होईपर्यंत तिथेच बसावे. तेवढाच निवांतपणा मिळतो.

आता टाक्यांचे पाणी. गडांवरची खोदीव टाकी म्हणजे वाहते तीर्थ नव्हे, ते साठवलेले पावसाचे पाणी आहे आणि वरच्या लोकांना ते उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे असते. त्यात फुले, तांदूळ, दूध पडले की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात, पाणी हिरवे पडते आणि वास मारू लागते. साबण तर नकोच. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत लिंगाभोवती गार पाणी असते आणि भाविक त्यात उतरून प्रदक्षिणा घालतात. तिथे अंगाला तेल, क्रीम किंवा साबण लावून उतरू नये. फूल वाहायचे तर एकच, आणि निर्माल्य कागदात गुंडाळून खाली आणावे. शौचाला पाण्यापासून किमान सत्तर पावले दूर जावे, वीतभर खोल खड्डा करावा आणि माती लोटावी.

उपवासाबद्दल लिहिताना संकोच वाटतो, पण लिहायलाच हवे. श्रावणी सोमवारी निर्जळी उपवास आणि त्याच दिवशी नऊशे मीटरची चढण यांची सांगड धोकादायक असते. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटरवर आहे आणि बारी गावातून साधारण तेवढी चढाई होते. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जाते. नुसते पाणी पीत राहिले तर मीठ कमी पडते, पायात गोळे येतात, डोके जड होते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा सैंधव, वर लिंबू पिळावे. हे उपवासालाही चालते. माणशी तीन लिटर पाणी, सोबत खजूर, शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची चिक्की. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशी नेहमीचा डोस घेऊन चढू नये. मात्रा किती करायची ते आधी डॉक्टरांना विचारावे. हात थरथरणे, गार घाम, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची खूण. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटे बसवावे, बरे वाटले तर खायला देऊन खाली न्यावे. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नये. अनवाणी चालण्याचा नवस असेल आणि मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर शेवटच्या पायऱ्यांपुरताच अनवाणी राहावे. काटा रुतलेला कळतच नाही आणि जखम घरी आल्यावर दिसते.

पावसाचे आकडे भाविकांना उगाच तांत्रिक वाटतात. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जोरदार, ११५.६ च्या पुढे अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस. एक चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर ते दहा कोटी लिटर पाणी होते आणि उघड्या कातळावर ते मुरत नाही, ओढ्यात धावते. जाताना घोट्याएवढा असलेला ओढा परतताना मांडीपर्यंत येतो तो असा. पाणी अचानक गढूळ झाले, त्यात काटक्या-पाने वाहू लागली किंवा वरून घरघर ऐकू आली तर वर चढून उभे राहावे, मोबाइल काढू नये. गुडघ्याच्या वर वाहते पाणी ओलांडू नये. दोर धरूनही नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी चढायला काही क्षणच लागले होते.

कर्जतकडच्या खांडस गावातून भीमाशंकरला जाताना दोन वाटा आहेत. शिडी घाट जवळचा, पण उभा कातळ आणि शिड्यांचा. पावसात त्या वाटेने जाणे नवख्याने टाळावे. गणपती घाट लांबचा आणि सौम्य. लांबची वाट कमी पुण्याची असे कुठे लिहिलेले नाही. शिडीवर एका वेळी एकच माणूस. उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे आणि चारपैकी तीन अवयव सतत टेकलेले. बहुतेक जण उतरताना तोंड बाहेर करतात, टाच ओल्या पायरीच्या कडेवर बसते आणि निसटते. जीन्स भिजली की जड होते, गुडघा वाकू देत नाही, तेव्हा लवकर वाळणारी विजार घालावी. बुटाचा तळवा रबरी आणि खोल खाचांचा हवा. झिजलेले बूट शेवाळावर चपलेइतकेच निरुपयोगी.

वीज भर पावसाळ्यापेक्षा वळवाच्या आणि परतीच्या पावसात जास्त. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागावे, तेवढे किलोमीटर वीज दूर. तीस सेकंदांच्या आत ऐकू आले तर शिखर, लोखंडी कठडे, शिड्या आणि एकटे झाड सोडून खाली सरकावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नये. विजेचा इशारा देणारे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असावे. परतीची वेळ निघण्याआधी ठरवावी. दुपारी दोनला जिथे असू तिथूनच देवाला हात जोडून फिरावे. धुक्यात चुकलात तर वाट शोधत घळीत उतरू नये, तिथेच थांबून ११२ या आपत्कालीन क्रमांकाला कळवावे. वणवा दिसला तर वनविभागाचा क्रमांक १९२६.

आता संपादकांकडे एक मागणी. यंदाच्या श्रावण पुरवणीत प्रत्येक देवस्थानाच्या माहितीखाली चार ओळींची चौकट द्यावी: पावसात बंद असणारी वाट, पर्यायी वाट, पायथ्यापासून चढाई किती मीटर, आणि त्या जिल्ह्याचा त्या आठवड्याचा पावसाचा इशारा. आरतीची वेळ छापता, त्याच्याच शेजारी ती बसेल.

आपला,
डोंगरयात्रांचा एक वाचक