नेटवर्क प्रिंटर जोडून देणाऱ्या सरांना वाचनालयाचे जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

आमच्या वाचनालयातील सर्व संगणकांवरून नेटवर्कवरील एकाच प्रिंटरवर आता विनाअडथळा छपाई होते, आणि याचे संपूर्ण श्रेय आपले आहे. आपले आभार समक्ष मानले होतेच. परंतु आपण नेमके काय केलेत हे इतर ग्रंथपालांनाही कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आमच्या संगणकांवर विंडोजऐवजी डेबियन लिनक्स ही विनामूल्य संगणकप्रणाली आहे. परवान्यांचा खर्च वाचनालयाला झेपणारा नसल्यामुळे कार्यकारी मंडळाने तो निर्णय विचारपूर्वक घेतला होता. तरीही छपाई बंद पडली की दुरुस्तीला येणारे गृहस्थ "लिनक्सवर हा प्रिंटर चालायचा नाही, विंडोज टाकून घ्या" एवढेच सांगून जात. आपण मात्र प्रिंटरला हात न लावता आधी संगणकासमोर बसलात आणि 'एलपीस्टॅट' या आज्ञेला 'टी' हा पर्याय जोडून छपाईच्या रांगेची स्थिती पाहिलीत. रांग थांबलेली होती, सभासदांच्या वर्गणीच्या पावत्या तिच्यात अडकून पडल्या होत्या, आणि ज्या आयपी पत्त्यावर (नेटवर्कवरील यंत्राच्या क्रमांकावर) त्या जायच्या होत्या तो पत्ता आता प्रिंटरचा राहिलाच नव्हता. वीज जाऊन आली की राउटर प्रिंटरला नवा पत्ता देई आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कामे पाठवीत राही. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये, म्हणजे जिथून हे पत्ते वाटले जातात तिथे, प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (यंत्राच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकासाठी) एक आयपी पत्ता कायमचा राखून ठेवून आपण हे दुखणे मुळातूनच काढलेत.

जुनी रांग प्रिंटरच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरील प्रवेशद्वारावर, होती. त्या मार्गाने मजकूर प्रिंटरकडे नुसता ढकलला जातो, कागद संपला किंवा टोनर संपत आला तर त्याची खबर नीट परत येत नाही, हे समजावून देऊन आपण ६३१ पोर्टवरील आयपीपी हा खास छपाईसाठीचा मार्ग निवडलात, कारण त्यात संगणक आणि प्रिंटर यांचा संवाद दोन्ही बाजूंनी चालतो. रांग तयार करणाऱ्या 'एलपीअ‍ॅडमिन' या आज्ञेत मॉडेल म्हणून 'एव्हरीव्हेअर' लिहिताच कप्सने, म्हणजे लिनक्सवरील छपाई सांभाळणाऱ्या प्रणालीने, कागदाचे आकार, दोन्ही बाजूंची छपाई, रिझोल्यूशन ही सारी माहिती थेट प्रिंटरकडूनच विचारून घेतली आणि कंपनीचा ड्रायव्हर शोधत बसण्याची वेळच आली नाही. त्याच आज्ञेतील कॅपिटल 'ई' हा पर्याय रांगेचे नाव सांगणाऱ्या 'पी' या पर्यायाच्या आधी लिहिला तर जोडणी एन्क्रिप्ट (सांकेतिक व सुरक्षित) करण्याची सक्ती होते आणि रांगेच्या नावानंतर लिहिला तर रांग सुरू होऊन कामे स्वीकारू लागते, हा बारकावा आपण दोन्ही प्रकारे लिहून दाखवलात. एवढ्या निगुतीने शिकवणारी माणसे फार थोडी असतात.

मला सर्वांत मोलाची वाटली ती कागदाच्या आकाराची उकल. ट्रे भरलेला असूनही आमचा प्रिंटर मध्येच थांबून कागद मागत असे, आणि तो बिघडला आहे असाच सर्वांचा समज झाला होता. आपण रांगेचे पर्याय उघडून पाहिलेत, तेव्हा मूळ आकार अमेरिकेतील 'लेटर' निघाला. तो २१६ बाय २७९ मिलिमीटरचा असतो, तर आपला ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटरचा. म्हणजे प्रिंटर ट्रेमध्ये नसलेला कागद प्रामाणिकपणे मागत होता! 'एलपीऑप्शन्स' ही छपाईचे पर्याय बदलणारी आज्ञा साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून दिली तर बदल त्या खात्यापुरताच राहतो, म्हणून तो रांगेवरच 'एलपीअ‍ॅडमिन'ने करावा, असे सांगून आपण ते आमच्याच लिपिक ताईंच्या हातून करवून घेतलेत. त्यानंतर निघालेल्या पावतीवर 'ज्ञानेश्वर' आणि 'श्रद्धा' ही नावे जोडाक्षरांसकट स्वच्छ उमटली. पीडीएफ फाइलमध्ये फॉन्ट समाविष्ट असला की देवनागरीची मोडतोड होत नाही, हेही आपण तेव्हाच सांगितलेत.

बोलता बोलता आपण कप्सची पूर्वपीठिकाही सांगितलीत. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये ज्या कामाला हात घातला, ते १९९९ मध्ये लोकांपुढे आले. त्यात जुन्या युनिक्सच्या दोन्ही परंपरांमधील 'एलपी' आणि 'एलपीआर' या आज्ञा चालतात, आणि अ‍ॅपलनेही २००२ पासून तीच प्रणाली आपल्या संगणकांसाठी स्वीकारली. आमच्यासारख्या लहान संस्थेला अशी गोष्ट विनामूल्य मिळते, याबद्दल त्यांच्याविषयीही मनात कृतज्ञता आहे.

जाताना आपण तपासणीचा क्रम लिहून दिलात: आधी प्रिंटरचा पत्ता पिंगला (यंत्र नेटवर्कवर आहे का हे पाहणाऱ्या आज्ञेला) उत्तर देतो का, मग कप्सची सेवा चालू आहे का, मग रांग थांबली आहे का, आणि तरीही उलगडा झाला नाही तर कप्सचा एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही. मध्यंतरी वीज जाऊन आल्यावर रांग पुन्हा थांबली, तेव्हा लिपिक ताईंनी याच क्रमाने जाऊन 'कप्सएनेबल' ही थांबलेली रांग सुरू करणारी आज्ञा दिली आणि वाचक काउंटरवर उभे असतानाच छपाई सुरू करून दाखवली. आपल्याला फोन करण्याची गरज पडली नाही. आपल्या मदतीची खरी थोरवी मला यात दिसते.

शेजारच्या गावांतील दोन वाचनालयांनी ही माहिती मागितली आहे. आपल्या टिपणावरून मी मराठीत एक सविस्तर मार्गदर्शिका तयार करीत आहे. ती आपल्याकडे पाठवीन, तेव्हा सवडीने नजरेखालून घालून चुका कळवाव्यात.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
ग्रंथपाल